दहा नंबरची कंबर

आमचे हॉकीचे सर फौजेतून निवृत्त झालेले होते आणि मुलींना नावानं हाक मारायची त्यांना सवय नव्हती. जर्सीवर जो नंबर, तीच हाक. मी सात नंबर होते. नववीत असताना आमच्या संघात एक मुलगी नव्यानं आली, तिला दहा नंबर मिळाला. ती येईपर्यंत आमच्या संघाचा शॉर्ट कॉर्नर मी मारायचे.

हॉकी न पाहिलेल्यांसाठी सांगते. समोरच्या संघानं गोलाजवळ चूक केली की शॉर्ट कॉर्नर मिळतो. एकीनं रेषेवरून चेंडू आत ढकलायचा, दुसरीनं तो अडवायचा आणि तिसरीनं गोलात मारायचा. सगळं मैदान त्या तिसरीकडे बघत असतं. घरी दोन खोल्यांत आम्ही पाच माणसं, वर्गात साठ मुली, त्यामुळे सगळ्यांनी एकाच वेळी माझ्याकडे बघण्याचे प्रसंग आयुष्यात फार नव्हते. जे होते ते त्या मुरमाच्या मैदानावर होते.

आम्ही मंगळवार पेठेत राहायचो. पप्पा सरकारी कचेरीत कारकून, आई बालवाडीत शिकवायची. शाळा कसब्याच्या पलीकडे, चालत जाण्याच्या अंतरावर. दहा नंबर कोथरूडहून यायची. तिचे वडील कॉम्प्युटरवाले. त्या वर्षांत दोन हजार साल लागताना सगळे कॉम्प्युटर बंद पडणार म्हणून अमेरिकेला आपल्याकडची माणसं हवी होती, आणि कोथरूडच्या प्रत्येक सोसायटीतून कोणी ना कोणी तिकडे जाऊन बसलं होतं. तिच्या वडिलांनी तिकडून तिच्यासाठी काळी फायबरची स्टिक पाठवली होती. माझी स्टिक शाळेच्या कपाटातली, लाकडी, माझ्याआधी दोन-तीन मुलींनी वापरलेली. टोकाला चिकटपट्टी गुंडाळून गुंडाळून तिथे गोळा झाला होता. शिवाय मी आठवीत एकदम वीतभर वाढले आणि स्टिक होती तेवढीच राहिली, म्हणून मला इतरांपेक्षा जास्त वाकून खेळावं लागायचं. तेव्हा त्यात काही वाईट आहे असं वाटलं नव्हतं. सर म्हणायचे, हॉकी वाकूनच खेळायची असते.

स्टिकचं मी कदाचित सहन केलं असतं. पण पहिल्याच आठवड्यात तिनं शॉर्ट कॉर्नरवर चेंडू मारलाच नाही. स्टिकवर घेतला, जमिनीलगत ओढत नेला आणि खाली बसल्यासारखी होऊन कमरेतून पिळून फेकला. तो हवेतून गोलाच्या वरच्या कोपऱ्यात गेला. वडिलांनी स्टिकबरोबर एक सीडी पाठवली होती, ती कॉम्प्युटरवर बघून ती हे शिकली होती. ड्रॅग फ्लिक म्हणतात त्याला.

सर म्हणाले, "पुन्हा."

मलाही ते पुन्हा म्हणायचे. पण मला म्हणायचे ते माझं चुकलेलं असायचं म्हणून. तिला म्हणाले ते त्यांना परत बघायचं होतं म्हणून. हा फरक मला तिथल्या तिथे कळला आणि तिथूनच माझं डोकं फिरायला सुरुवात झाली.

मी सकाळी अर्धा तास आधी मैदानावर जाऊ लागले. सीडी नव्हती, कॉम्प्युटर नव्हता, पण ती होती. ती पाय कसा टाकते, डावा खांदा कधी खाली आणते, हे मी रोज चोरून बघायचे आणि दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता एकटी करून बघायचे. शंभर वेळा, दीडशे वेळा. दसऱ्यापर्यंत मलाही फ्लिक यायला लागली. तिच्याइतकी उंच जायची नाही, पण वेग बरा होता. सरांनी पाहिलं आणि म्हणाले, "दहा पहिली. सात राखीव."

त्याच सुमारास माझी कंबर दुखायला लागली. डाव्या बाजूला, स्कर्टचा पट्टा जिथे बसतो तिथे, एका बोटानं दाखवता येईल एवढ्या जागी. सुरुवातीला फक्त फ्लिक मारून झाल्यावर, उठताना. मग बाकावरून उठताना. मग दोरीवर कपडे वाळत घालताना, हात वर करून जरा मागं झुकलं की कोणीतरी आतून चिमटा काढल्यासारखं. मी जर्सीच्या आत आईची जुनी ओढणी घट्ट गुंडाळायला लागले. आईनं एकदा विचारलं, "पाळी आली का?" मी हो म्हटलं. पंधरा दिवसांनी तिनं परत विचारलं, तेव्हाही हो म्हटलं.

सांगायचं का नाही, याचं उत्तर सोपं होतं. मी राखीव होते. राखीव खेळाडूनं दुखतंय म्हटलं की ती राखीवसुद्धा राहत नाही.

नाताळच्या सुट्टीआधीची सकाळ होती. सराव चालू असताना दहा नंबर मध्येच थांबली, स्टिक खाली ठेवली आणि वर्गात करतात तसा हात वर केला.

"सर, माझी कंबर दुखतेय."

बस, एवढंच. हेच तीन शब्द मी दोन महिने तोंडात धरून हिंडत होते. ती ते असे बोलली, जणू पाणी प्यायला जाऊ का विचारतेय. मला वाटलं आता सर ओरडतील. सर म्हणाले, "बस सावलीत. किती दिवसांपासून?"

"परवापासून."

परवापासून. मी स्टिकवर रेलून उभी होते आणि माझ्या मनात आलेलं अगदी स्पष्ट आठवतं: हिला दोन दिवसांचं दुखणं दुखतं.

आठवड्यात बातमी आली. मोठ्या दवाखान्यात तिचं सीटी स्कॅन झालं होतं आणि मणक्याच्या हाडाला चीर निघाली होती. तीन महिने खेळ बंद, कमरेला पट्टा. शाळेत तिचं एकदम महत्त्व वाढलं. सीटी स्कॅन आमच्यात कोणाचंच झालं नव्हतं. बाईंनी वर्गात तिच्याबद्दल सांगितलं, मुलींनी मोठं कार्ड केलं, त्यावर रंगीत पेनांनी सह्या. मीही केली. माझी कळ तिच्या कळेपेक्षा दोन महिन्यांनी थोरली, आणि तिच्या कार्डावर 'लवकर बरी हो' मी लिहीत होते. तिच्या सगळ्या वस्तूंचा मी हेवा केला होता, त्यात आता तिच्या दुखण्याची भर पडली.

पण शॉर्ट कॉर्नर माझ्याकडे परत आला. फेब्रुवारीत कोल्हापूरला स्पर्धा होत्या. आनंद झाला नाही म्हणणं खोटं ठरेल. झाला, आणि चांगला भरपूर झाला.

कार्ड आणि राहिलेल्या धड्यांच्या वह्या घेऊन सरांनी मलाच तिच्याकडे पाठवलं. बसनं गेले. दार तिच्या आईनं उघडलं. "ये ये, शाळेतली ना? चपला तिथे काढ." मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. "अच्छा," म्हणाल्या आणि आत गेल्या. थोड्या वेळानं चहा आला. मी कप पाहून घेतला, त्यांचेच नेहमीचे कप होते, मागल्या फळीवरचा वेगळा नव्हता. हे मी कुठल्याही नव्या घरी पाहून घ्यायचे. त्या घराबद्दल राग धरायला एक कारण कमी झालं, याचाही मला किंचित रागच आला.

तिला स्वतःची खोली होती. कॉम्प्युटरवर प्लास्टिकचं कव्हर. पलंगावर ती ताठ बसली होती, टीशर्टवरून पट्टा लावलेला. कार्ड बघून खूश झाली. मग तिनं मोठ्या पाकिटातून स्कॅनची फिल्म काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली.

"हे बघ, मणक्याच्या मागं हाडाचा छोटा पूल असतो. तो इथे तुटलाय. डावीकडे."

मला त्या करड्या ढगांत काही दिसलं नाही. मी विचारलं, "दुखतं कुठे?"

तिनं बोट ठेवून दाखवलं. पट्ट्याच्या थोडं वर, डावीकडे, बोटभर जागा. "मागं वाकलं की जास्त. डॉक्टर म्हणाले, आपल्या वयात हाडं कच्ची असतात आणि आपण सारखं वाकतो, पिळतो. फ्लिकनं तर फारच. तुझी दुखते का गं?"

"नाही," मी म्हटलं.

"अजिबात?"

"अजिबात."

"त्यांची एक परीक्षा असते. एका पायावर उभं राहायचं आणि मागं झुकायचं. चीर असली की त्याच बाजूला कळ येते. करून बघ ना."

नाही म्हणता आलं असतं, काहीही कारण देता आलं असतं. पण ती पट्टा लावून बसलेली, आणि मी तिच्यासमोर धडधाकट उभी, हे मला इतकं आवडत होतं की मी शेजारच्या स्टुलाला हात न लावता डाव्या पायावर उभी राहिले आणि मागं झुकले. कमरेत दाभण घुसल्यासारखं झालं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. तोंडावर काही येऊ दिलं नाही. मनात पाचपर्यंत मोजून सरळ झाले.

"काही नाही," मी म्हटलं.

ती माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "लकी आहेस."

बसमध्ये परतताना मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. उलट पूर्ण वाटेत मी मनात तिला हरवत होते.

फेब्रुवारीत आम्ही स्वारगेटहून एसटीनं कोल्हापूरला गेलो. पहिल्या सामन्यात मी फ्लिकवर दोन गोल केले. दुसरा गोल अगदी तिच्यासारखा, वरच्या कोपऱ्यात. मैदानाबाहेर आल्यावर सर माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "उद्या पुन्हा." ते ज्या आवाजात म्हणाले तो मी ओळखला. त्या एका शब्दासाठी मी चार महिने ओढणी बांधून खेळत होते. तो मिळाला.

दुसऱ्या दिवशीच्या सामन्यात पहिलाच शॉर्ट कॉर्नर. चेंडू आत आला, अडवला गेला, मी पाय टाकला, खाली गेले, ओढला आणि पिळले. कमरेत ऊस मोडावा तसं काहीतरी झालं. चेंडू कुठे गेला ते मला ठाऊक नाही. मी गुडघ्यांवर बसले होते आणि उठ म्हटलं तरी पाय ऐकत नव्हते. मैत्रिणींनी उचलून बाहेर आणलं तेव्हा जर्सी वर सरकली आणि ओढणी दिसली. सरांनी ती पाहिली.

"केव्हापासून?"

"दसऱ्यापासून."

ते ओरडले नाहीत. माझ्या शेजारी जमिनीवर बसले, टोपी काढली आणि मैदानाकडे बघत राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "मी कोणाला विचारलंच नाही कधी. फौजेत आम्ही विचारत नसू." मी त्यांच्याकडे बघितलं नाही. सामना आम्ही हरलो.

परत येताना एसटीच्या शेवटच्या सीटवर मी आडवी होते, डोकं आमच्या गोलकीपरच्या मांडीवर. प्रत्येक खड्ड्याला ती "सॉरी" म्हणायची, जणू खड्डे तिनंच खणले होते. स्वारगेटला पप्पा रिक्षा घेऊन उभे होते. त्यांनी मला हाताला धरून रिक्षात बसवलं. मग म्हणाले, "आधी सांगितलं असतंस तर मी काय मारलं असतं?"

मी म्हटलं, "खेळू दिलं नसतं."

"नसतंच दिलं," पप्पा म्हणाले.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, घाईत होते, पण नीट बोलले. चीर दोन्ही बाजूंना होती आणि मणका थोडा पुढे सरकला होता. "एकाच बाजूला होती तेव्हा विश्रांती घेतली असती तर जुळून आली असती," ते आईला म्हणाले. "आता चालणं-फिरणं सगळं होईल. हॉकी मात्र नाही." आई माझ्याकडे बघत होती. पंधरा-पंधरा दिवसांनी येणारी माझी पाळी तिला आता समजली असावी.

दहावीचं वर्ष मी कडक पट्ट्यात काढलं. जून लागला आणि मुलींनी येऊन सांगितलं की दहा नंबर मैदानावर परतली. तिची चीर जुळली होती. पट्टा निघाला होता. हळूहळू फ्लिकही मारायला लागली होती. तिनं दोन दिवसांत सांगितलं आणि मी चार महिन्यांत सांगितलं नाही, फरक एवढाच होता. पण तेव्हा मला तो तसा दिसला नाही. मला वाटलं, हिला हाडंसुद्धा चांगली मिळाली आहेत.

आणि मग एका रविवारी ती आमच्या दारात उभी राहिली. हातात झेरॉक्सचे कागद. तिच्या व्यायामाच्या बाईंनी दिलेले, माणसांची रेघांची चित्रं काढलेले. "हे करायचे असतात," ती म्हणाली, "नाहीतर पोटाचे आणि पाठीचे स्नायू झोपतात." आमच्या पुढच्या खोलीत सतरंजी घालून ती आडवी झाली आणि मला एकेक करून दाखवू लागली. आई तिच्यासाठी पोहे करायला उठली. तिनं ते दोनदा मागून खाल्ले, ती आईला बालवाडीबद्दल विचारत बसली, वाटी स्वतः मोरीत नेऊन ठेवली. ती गेल्यावर आई म्हणाली, "किती गुणाची पोरगी आहे." बाकी सगळं एकीकडे, हे मला सगळ्यात जास्त लागलं. स्टिक तिची होती, फ्लिक तिची होती, पण आई माझी होती.

तरी ती दर रविवारी यायची आणि मी व्यायाम करायचे. चौथ्या की पाचव्या रविवारी आई बाहेर गेली होती. आम्ही दोघी पाठीवर पडलो होतो, गुडघे मुडपून, छताकडे बघत.

ती म्हणाली, "त्या दिवशी माझ्या खोलीत तू खोटं बोललीस."

मी गुडघे आणखी जवळ ओढले.

"तुझा पाय थरथरत होता. मी पाहिला. आणि तू कॅलेंडरकडे बघत होतीस. मी पण दवाखान्यात असंच कशाकडे तरी बघत होते."

"मग बोलली का नाहीस?"

खाली कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"तू माझ्या जागेवर खेळणार होतीस," ती म्हणाली. "मला घरी बसवलं होतं आणि तू खेळणार होतीस. मला वाटलं, दुखतंय ना, दुखू दे."

मी उठून बसले. कूस वळवून, हाताचा आधार घेऊन, तिनंच शिकवलं होतं तसं. मला राग यायला हवा होता. आलाही, पण त्याच्या आधी दुसरंच काहीतरी आलं. कोथरूडच्या त्या खोलीत, त्या पलंगावर बसून, कॉम्प्युटर आणि स्कॅन आणि सगळं असताना, तिनं माझा हेवा केला होता. वर्षभरात कोणी मला दिलेली ती सर्वात मोठी गोष्ट होती. ते मी तिला सांगितलं नाही. म्हटलं, "आता पुढचा कुठला?" तिनं कागद उलटला आणि आम्ही पुढचा व्यायाम केला. राग नंतर आला, ती गेल्यावर, आणि बरेच दिवस राहिला.

त्यानंतर ती दोनदाच आली. मग बारावी, मग ती इंजिनिअरिंगला, मी बीएस्सी कॉम्प्युटरला. ती राज्याच्या संघात निवडली गेल्याचं मला दुसऱ्याच कोणाकडून कळलं. मी त्या दिवशी जेवले नाही. आईला सांगितलं, कॉलेजात खाल्लं.

पुढे मला हिंजवडीत एका कंपनीत नोकरी लागली. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचं काम. ते मला चांगलं जमायचं. खुर्चीत तासभर बसलं की उठून दोन फेऱ्या माराव्या लागायच्या, नाहीतर कंबर धरायची. सहकारी म्हणायचे, हिचे चहा फार.

एकदा अमेरिकेच्या ऑफिसमधून काही जण दोन आठवड्यांसाठी आले आणि त्यात ती होती. मला कॅन्टीनमध्ये लांबूनच ओळखलं, ताट घेऊन समोर येऊन बसली. केस कापलेले, बाकी तशीच. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मी विचारलं, "खेळतेस?"

"छे. दुसऱ्या वर्षालाच सोडलं."

"कंबर?"

"नाही गं, कमरेला काही नाही. कंटाळा आला. खरं सांगू का, मला तो खेळ तेवढा आवडायचाही नाही. बाबांना हौस होती." ती वरणात भात कालवत होती. "तुला मात्र वेड होतं."

मी मान हलवली. तिला जे नकोसं झालं म्हणून तिनं सहज बाजूला ठेवलं, ते मी असं कधीच ठेवू शकले नसते. तेही तिलाच जमलं होतं. मी पाणी आणायला उठले आणि जरा वेळ नळाशीच उभी राहिले.

संध्याकाळी घरी आल्यावर आईला सांगितलं, ती भेटली म्हणून. आईचा चेहरा एकदम उजळला. "अगं, मग जेवायला बोलाव ना तिला. पुरणपोळी करते."

"उद्याच जातेय परत," मी म्हटलं.

ती अजून नऊ दिवस पुण्यात होती.